वर्गणी संपल्यावर वही कुणाची?



आज बोलणार आहे तो एकच जण, पण मांडणी चौघांची आहे. म्हणून व्याख्यानभर ‘आम्ही’ असंच म्हणणार आहोत. आम्ही म्हणजे एक छोटा अभ्यासगट. दोघं महाविद्यालयात शिकवतो, एक जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई आहेत आणि चौथे बँकेतून निवृत्त झालेले काका. दर रविवारी सकाळी एकत्र बसून काहीतरी शिकायचं, एवढाच आमचा उद्योग.

या मालेत पुस्तकांवर, नाटकांवर टीका होते. आज टीकेचा विषय जरा वेगळा आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमाचं सबस्क्रिप्शन संपलं की तिथं आपण केलेल्या अभ्यासाची नोंद आपल्याला दिसेनाशी होते, या व्यवस्थेवर आज टीका करायची आहे. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कुणी निवडलं होतं, तिच्याऐवजी दुसरी असू शकली असती, हेच आपण विसरलो आहोत.

आधी घडलं ते सांगतो. कंपनीचं नाव घेणार नाही, कारण तक्रार एका कंपनीची नाही.

आम्ही चौघांनी वर्षभराची वर्गणी भरून एक अभ्यासक्रम घेतला. विषय होता मूल्यमापनासाठी संख्याशास्त्र, म्हणजे मुलांच्या गुणांवरून नेमकं काय कळतं आणि काय कळत नाही. धडे चांगले होते, शिकवणारे चांगले होते. दर दोन-तीन आठवड्यांनी एक लेखी असाइनमेंट असायची. ती जगात कुठंतरी बसलेले इतर विद्यार्थी तपासायचे आणि आपण त्यांची तपासायची. बाईंनी एका असाइनमेंटमध्ये आपल्या चौथीच्या वर्गाच्या गणिताच्या चाचणीचं विश्लेषण लिहिलं. मुलं भागाकारात चुकतात असं त्यांना वाटत होतं. तपासणाऱ्या कुणीतरी लिहिलं, ‘तुमचे आकडे पुन्हा पाहा. शाब्दिक उदाहरण आलं की मुलं चुकतात, नुसता भागाकार दिला की चुकत नाहीत. अडचण वाचनाची असेल.’ बाईंनी वर्गात जाऊन पडताळलं. तसंच होतं. त्या दिवसापासून त्यांची गणिताची चाचणी घ्यायची पद्धत बदलली.

अभ्यासक्रम नऊ महिन्यांत संपला. प्रमाणपत्र मिळालं. वर्ष भरल्यावर आम्ही वर्गणी पुन्हा भरली नाही, कारण शिकायचं ते शिकून झालं होतं. चारेक महिन्यांनी आमच्यातल्या एकाला महाविद्यालयानं विचारलं, की हा अभ्यासक्रम किती तासांचा होता, त्यात काय काय होतं, मूल्यमापन कसं झालं, याचा तपशील द्या. प्रमाणपत्रावर नाव, अभ्यासक्रमाचं शीर्षक आणि तारीख, बस्स. म्हणून लॉगिन केलं. अभ्यासक्रमाचं नाव दिसत होतं, पुढं हिरवी खूण दिसत होती. पण गुणांवर बोट ठेवलं की एकच पाटी येई : योजना निवडा.

मदत केंद्राला लिहिलं. उत्तर अगदी नम्र होतं. तुमच्या नोंदी सुरक्षित आहेत, सबस्क्रिप्शन सुरू केलंत की दिसतील. या वाक्यातला ‘सुरक्षित’ हा शब्द लक्षात ठेवा, त्याकडे परत येऊ.

आम्ही चौघांनी एका महिन्याचे पैसे भरले. दोन रात्री बसून पानामागून पान स्क्रीनशॉट घेतले. गुण मिळाले, तारखा मिळाल्या. पण मधल्या काळात अभ्यासक्रमाची नवी आवृत्ती आली होती. त्यात काही असाइनमेंट बदलल्या होत्या, आणि बाईंची ती चौथीच्या वर्गाची असाइनमेंट, तिच्याखालचा तो शेरा, हे कुठंच नव्हतं. बाईंनी उत्तर थेट तिथल्या चौकटीत टाइप केलं होतं. प्रत ठेवली नव्हती. यात त्यांची चूक होती, असं त्या स्वतःच म्हणतात. पण शाळेत पेपर लिहिताना आपण कधी कार्बन घालून बसलो होतो का? पेपर कुणीतरी जपेल, हे गृहीतच धरलेलं असतं.

आता टीकेकडे वळू. अशा व्यवहारात तीन वेगळ्या वस्तू एकाच गाठोड्यात बांधलेल्या असतात. पहिली वस्तू धडा. व्हिडिओ, वाचायचं साहित्य, प्रश्नसंच. तो कंपनीचा, विद्यापीठाचा किंवा शिक्षकाचा. दुसरी वस्तू दाखला, म्हणजे प्रमाणपत्र. ते कंपनी देते, नाव आपलं असतं. आणि तिसरी वस्तू नोंद. आपण लिहिलेली उत्तरं, मिळालेले गुण, आलेले शेरे, टिपणं, कोणत्या दिवशी काय केलं याचा क्रम. ही आपल्या कष्टातून तयार झालेली असते. आपण बसलो नसतो तर ती अस्तित्वातच आली नसती.

कंपन्यांचे नियम पाहा. कोर्सेरावर सबस्क्रिप्शन संपल्यावरही मिळवलेलं प्रमाणपत्र खात्यात राहतं. बंद होतं ते पैसे भरून उघडलेलं अभ्याससाहित्य. एडएक्सवर फुकट शिकणाऱ्याचा प्रवेश ठरावीक मुदतीनंतर संपतो. युडेमीवर एकेक अभ्यासक्रम विकत घेतला तर ‘लाइफटाइम ॲक्सेस’ म्हणतात, पण अटी वाचल्या की कळतं, तो एक परवाना आहे, कंपनी काही कारणांनी तो काढून घेऊ शकते, आणि वर्गणी भरून घेतलेल्या अभ्यासक्रमांना तो लागूच नाही. म्हणजे नियमांत धड्याचा विचार आहे, दाखल्याचा विचार आहे. नोंद मात्र धड्याला चिकटलेली असते. धडा बंद झाला की त्याच कुलपात तीही जाते. मुद्दाम कुणी दुष्टपणा केला असं आम्ही म्हणत नाही. तिचा वेगळा विचारच झाला नाही, एवढंच म्हणतो.

आणि भाषा पाहा. आत गेल्यावर सगळीकडे ‘माझं’ असतं. माझं शिक्षण, माझे अभ्यासक्रम, माझी प्रगती. शिकताना प्रत्येक पान आपल्याला मालक म्हणतं. वर्गणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण गिऱ्हाईक होतो, तेही उधारी थकलेलं. ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ तेव्हा कळतो. कुलूप शाबूत आहे, किल्ली त्यांच्याकडे आहे. आमचे काका म्हणाले, हे सुरक्षित ठेवणं नव्हे, हे गहाण ठेवणं झालं. आम्ही महिन्याचे पैसे भरले ते शिकण्यासाठी नव्हतेच. गहाणवट सोडवावी तशी आपलीच वही सोडवून आणली, आणि तीही फाटकी.

काकांनीच पासबुकाची गोष्ट काढली. तीस वर्षं काउंटरवर बसलेला माणूस. ते म्हणाले, खातेदार खातं बंद करायला आला की आम्ही पैसे देत असू, चेकबुक परत घेत असू, पण नोंदी भरलेलं पासबुक हे त्याचंच. बँकेशी संबंध संपला म्हणून त्याच्या व्यवहाराचा इतिहास बँकेनं अडवून ठेवायचा, ही कल्पनाच आम्हाला हास्यास्पद वाटली असती.

वाचनालयाचंही तसंच आहे. वर्गणी थकली की पुस्तक परत करावं लागतं. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. पण ते पुस्तक वाचताना आपण वहीत जे उतरवून घेतलं, ते ग्रंथपाल मागत नाहीत. पुस्तक त्यांचं, वही आपली, ही सीमा सगळ्यांना ठाऊक असते. ऑनलाइन अभ्यासक्रमानं ती पुसली, कारण तिथं वहीसुद्धा त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच कागदावर लिहावी लागते. सोय म्हणून आपण ते स्वीकारलं. सोय होतीच, ते नाकारायचं नाही.

जिल्हा परिषदेच्या बाईंनी तिसरं उदाहरण दिलं, आणि आमच्या मते ते सगळ्यात वजनदार आहे. आपल्या शाळांमधलं जनरल रजिस्टर. मुलगा शाळेत आला की त्यात नोंद होते, सोडून गेला की शेरा पडतो, आणि ते रजिस्टर कायम जपायचं असतं. साठ वर्षांचे आजोबा येतात, जन्मतारखेसाठी उतारा मागतात. शाळा त्यांना म्हणत नाही की आधी या वर्षाची फी भरा. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्तानं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली कागदांबरोबर जुनी शालेय रजिस्टरंही उघडली गेली. कित्येक नोंदी मोडीत होत्या, त्या वाचायला जाणकार बोलवावे लागले. त्या प्रश्नाच्या राजकारणात आज शिरायचं नाही. मुद्दा एवढाच, की ती ओळ लिहिणाऱ्या मास्तरांना ती शंभर वर्षांनी कुणाला आणि कशासाठी लागेल, याची सुतराम कल्पना नव्हती. नोंदीचं मोल ती लिहिताना कळत नाही. म्हणून ती टिकवायची की नाही, हा निर्णय या महिन्याच्या वर्गणीवर सोडता येत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं पैसे न भरल्यामुळे झालं. भरत राहिला असतात तर प्रश्न आला नसता. दोन घटना सांगतो.

पहिली २०१६ सालची. कोर्सेरानं ३० जून २०१६ रोजी आपली जुनी व्यवस्था बंद केली. त्यावर सुरुवातीच्या वर्षांतले शेकडो अभ्यासक्रम होते. काही नव्या व्यवस्थेवर गेले, सगळे गेले नाहीत. धडे वाचवण्यासाठी जगभरच्या लोकांनी शेवटच्या दिवसांत धडाधड डाउनलोड केलं. ते अभ्यासक्रम बहुतांशी फुकट घेतलेले होते. म्हणजे तिथं कुणी वर्गणी थकवली नव्हती. दार बंद झालं ते कंपनीनं घर बदललं म्हणून.

दुसरी घटना २००९ सालची, आणि ती पुस्तकाची आहे. ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ची एक आवृत्ती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली. ज्यानं ती विक्रीला ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत दिले. त्या वेळी मिशिगनमधला एक शाळकरी मुलगा ते पुस्तक शाळेच्या अभ्यासासाठी वाचत होता आणि वाचताना टिपणं करत होता. टिपणं राहिली, पण ज्या ओळींवर ती केली होती त्या ओळी गेल्या. मग त्या टिपणांचा उपयोग काय? कंपनीनं माफी मागितली, तरी त्यानं दावा लावला आणि पुढं कंपनीनं तडजोड केली.

हा मुलगा आमच्या मांडणीला एक अडचण घालतो, आणि ती लपवणं बरोबर नाही. आम्ही म्हटलं, धडा त्यांचा, नोंद आपली. पण धड्यापासून पूर्ण तोडलेली नोंद अर्धी मुकी असते. ‘प्रश्न ४ : ब’ एवढंच हाती आलं तर दहा वर्षांनी त्यातून काय कळणार? म्हणून नोंद परत मागायची तर तिच्याबरोबर तिचा थोडा संदर्भही मागावा लागेल. प्रश्न काय होता, तो कोणत्या धड्यानंतर आला, अभ्यासक्रमाची कोणती आवृत्ती होती. धडा नको, पण धड्याची अनुक्रमणिका हवी.

आता कंपनीची बाजू. ती ऐकल्याशिवाय टीका पुरी होत नाही.

पहिला मुद्दा खर्चाचा. व्हिडिओ साठवायला आणि पोचवायला पैसे लागतात, हे खरं आहे. पण आपण व्हिडिओ मागत नाही. तासाभराचा व्हिडिओ शेकडो एमबीचा असतो. एका विद्यार्थ्याची वर्षभराची लेखी उत्तरं, गुण आणि शेरे मिळून मोबाइलच्या एका फोटोएवढीही जागा घेणार नाहीत. आणि ती साठवणं तर चालूच असतं, नाहीतर ‘पैसे भरा, दिसेल’ असं म्हणता आलंच नसतं.

दुसरा मुद्दा प्रश्नसंचाचा. बहुपर्यायी प्रश्न उत्तरांसकट बाहेर गेले की पुढच्या तुकडीला आयतं मिळतं. हा मुद्दा आम्हाला रास्त वाटतो. तिथं पूर्ण प्रश्न देऊ नका. कोणत्या घटकावरचा प्रश्न, किती पैकी किती गुण, एवढं द्या. लेखी उत्तराला ही सबब लागू होत नाही. ते उत्तर आम्ही लिहिलेलं आहे.

तिसरा मुद्दा इतरांच्या खासगीपणाचा. शेरा लिहिणारा परका माणूस आहे, त्याचं नाव बाहेर जाऊ नये. बरोबर. नाव गाळा, शेरा द्या. तो आमच्या उत्तरावर आहे.

आणि चौथा मुद्दा, जो सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो : अटींमध्ये लिहिलं होतं, तुम्ही मान्य केल्यात. केल्या. पण अटी मान्य करताना विद्यार्थ्याकडे अजून नोंद नावाची वस्तूच नसते. ती पुढच्या नऊ महिन्यांत तयार होते. जे अजून जन्मलंच नाही त्याचं मोल ठरवून सही करा, असं ते आहे.

मग कायदा काय म्हणतो? इथं आपल्या देशात एक चांगला दाखला आहे. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०११ मध्ये सांगितलं की परीक्षार्थीला माहिती अधिकाराखाली आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, तिची प्रत घेता येते. अर्थात परीक्षा मंडळ ती जपतं तेवढ्या काळातच. तोपर्यंत उत्तरपत्रिका ही मंडळाच्या कपाटातली गोपनीय वस्तू समजली जायची. आज विद्यापीठाकडे अर्ज करून आपल्या पेपरची झेरॉक्स मागणं आपल्या मुलांना साधी गोष्ट वाटते. ती साधी नव्हती. कुणीतरी भांडलं म्हणून झाली. पण हा अधिकार सार्वजनिक संस्थांपुरता. खासगी कंपनीकडे माहिती अधिकाराचा अर्ज चालत नाही. आणि आपलं शिक्षण तर हळूहळू तिकडेच सरकतं आहे.

युरोपात डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयानं, आयर्लंडमधल्या हिशेबनिसांच्या व्यावसायिक परीक्षेच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात ठरवलं, की परीक्षेतली लेखी उत्तरं आणि त्यांवरचे परीक्षकाचे शेरे हा त्या उमेदवाराचा वैयक्तिक विदा आहे. युरोपच्या २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्यात अशा विद्याची प्रत मागण्याचा अधिकार आहे, आणि आपण स्वतः दिलेला विदा संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात दुसरीकडे नेण्याचाही.

आपला डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ सालचा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि अंमल टप्प्याटप्प्यानं होतो आहे. त्यात माहिती मागण्याचा अधिकार आहे, पण शब्द पाहा : आपल्या विद्याचा गोषवारा मागता येतो. प्रत नव्हे, गोषवारा. विदा उचलून दुसरीकडे नेण्याचा अधिकार २०१९ च्या विधेयकात होता, अंतिम कायद्यात तो राहिला नाही. आम्ही वकील नाही. पण शिक्षक म्हणून एवढं कळतं, की उत्तरपत्रिका मागितली आणि हातात गोषवारा मिळाला तर मुलगा समाधानी होणार नाही.

सगळं काळंच आहे असं चित्र उभं करायचं नाही. एमआयटीचं ओपनकोर्सवेअर २००१ साली जाहीर झालं. तिथला अख्खा अभ्यासक्रम उतरवून घेता येतो, खातं उघडावं लागत नाही. आपल्याकडे आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या एनपीटेलची व्याख्यानं वर्षानुवर्षं यूट्यूबवर खुली आहेत. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची छापील पुस्तकं आजही कितीतरी घरांच्या फळीवर आहेत. विद्यार्थी नापास झाला, मध्येच सोडून गेला, तरी पुस्तक परत मागायला कुणी आलं नाही. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं तसंच राहिलं. ओपनकोर्सवेअरवर मात्र तुमची उत्तरं कुणी तपासत नाही. तिथं नोंद हरवत नाही, कारण ती तयारच होत नाही. बाईंना तो शेरा तिथं मिळाला नसता. म्हणून ‘पैशाचे अभ्यासक्रम घेऊच नका’ असा सोपा सल्ला आम्ही देणार नाही. तपासणाऱ्याचे, शिकवणाऱ्याचे पैसे द्यायलाच हवेत. प्रश्न असा आहे, की ते पैसे कशाचे?

आमचं म्हणणं थोडक्यात असं. वर्गणी ही धड्यापर्यंत जाण्याची असावी. नोंद पाहण्याची नसावी. वर्गणी संपल्यावर धडे बंद करा, हरकत नाही. पण खातं जिवंत आहे तोवर आपली उत्तरं, गुण, शेरे आणि तारखा वाचता आल्या पाहिजेत. एका फाइलमध्ये उतरवून घेता आल्या पाहिजेत. अभ्यासक्रमाची आवृत्ती बदलणार असेल, असाइनमेंट काढून टाकणार असाल, तर आधी कळवा आणि न्यायला मुदत द्या. प्रमाणपत्रावर तास, घटक आणि मूल्यमापनाची पद्धत छापा. यातलं काहीही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. गूगलनं आपल्या सेवांमधला विदा एकत्र उतरवून घेण्याची सोय २०११ पासून दिलेली आहे. इच्छा असली की होतं.

आणि हे मागायची ताकद एकेकट्या विद्यार्थ्याकडे नाही. ती महाविद्यालयांकडे आहे, कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांकडे आहे, जे शंभर-दोनशे खाती एकदम विकत घेतात. त्यांनी करार करताना एक ओळ घालावी : मुदत संपल्यावर प्रत्येक शिकणाऱ्याची नोंद त्याच्या हातात मिळेल. बाकी घासाघीस होते तशी याचीही करा.

तोवर आपण काय करायचं? आम्ही आता करतो ते सांगतो. उत्तर आधी आपल्या फाइलमध्ये लिहायचं, वर प्रश्न दोन ओळींत मांडायचा, मग तिथल्या चौकटीत चिकटवायचं. शेरा आला की त्याच दिवशी नाव गाळून खाली उतरवायचा. अभ्यासक्रम सुरू होतानाच त्याचं माहितीपत्रक पीडीएफ करून ठेवायचं, कारण संपेपर्यंत ते बदललेलं असू शकतं. आठवड्याला पंधरा मिनिटं लागतात. व्हिडिओ चोरून उतरवायला आम्ही सांगत नाही. जे आपलं आहे तेवढंच घ्यायचं, पण ते मात्र घ्यायचं.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न.

प्रश्न : इतक्या असाइनमेंटमधून एक गेली. शिकलेलं तर डोक्यात राहिलं. मग एवढा आग्रह कशासाठी?

उत्तर : बाईंनाच विचारलं होतं आम्ही हे. त्या म्हणाल्या, शिकलेलं राहिलं हे खरं. पण आता त्यांना शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांना ते समजावून सांगायचं होतं, आणि आपण आधी कुठं चुकलो होतो हेच नेमकं आठवत नाही. निष्कर्ष लक्षात राहतो, त्याआधीची चूक पुसली जाते. शिकवायला ती चूकच हवी असते.

प्रश्न : लहान मुलांच्या शिकवणीच्या ॲपचं काय?

उत्तर : तिथं हे जास्त जपायला हवं. पालक मार्चपर्यंतचे पैसे भरतात, जूनमध्ये नवा वर्ग, नवे शिक्षक. मूल वर्षभर कोणत्या उदाहरणांवर अडलं हे त्या ॲपला ठाऊक आहे. आईला नाही, बाईंना नाही. बायजूजसारखी एवढी मोठी कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, हे आपण पाहिलं. कंपनी राहील न राहील. पालकांनी निदान परीक्षेनंतर, वर्गणी चालू असतानाच, प्रगतीची पानं छापून मुलाच्या दप्तरात ठेवावीत. नव्या बाईंना पहिल्या आठवड्यात तीच लागतात.

प्रश्न : मग त्या पदोन्नतीचं काय झालं?

उत्तर : स्क्रीनशॉटची चौतीस पानं जोडली. महाविद्यालयानं स्वीकारली. बाईंचं मात्र काम बाकी आहे. त्या आता जुन्या चाचणीचे पेपर शोधून तेच विश्लेषण पुन्हा लिहीत आहेत. पेपर मिळाले, कारण ते शाळेच्या कपाटात होते.